बाल्टो जोयड्याला जातो

पुण्यात कुत्रा पाळणारे दोन प्रकारचे. काहींना कुत्रा हवा असतो आणि काहींना कुत्र्याविषयी बोलायला हवे असते. माझा भाचा दुसऱ्या प्रकारातला. बाणेरच्या एका इमारतीत, अकराव्या मजल्यावर, त्याने सायबेरियन हस्की पाळला आहे. उणे तीस-चाळीस अंशांत उघड्यावर झोपणाऱ्या कुळातला हा जीव पुण्याच्या एप्रिलमध्ये एसीच्या झोताखाली चारी पाय पसरून पडलेला असतो. आल्यागेल्याकडे निळ्या डोळ्यांनी असा पाहतो, की उन्हाळा आपणच आणला असे वाटावे. त्याच्या वंशावळीचे प्रमाणपत्र दिवाणखान्यात फ्रेम करून लावले आहे आणि भाच्याची इंजिनिअरिंगची पदवी माळ्यावर आहे. ताईला हा क्रम मान्य आहे. उपयोग दोन्हींचा झालेला नाही, पण कुत्र्याचा कागद निदान रंगीत आहे, असे ती म्हणते.

"मामा, हस्की ओढण्यासाठीच जन्माला येतो. ओढायला मिळालं नाही तर तो डिप्रेशनमध्ये जातो," असे भाच्याने एके दिवशी जाहीर केले. आता बाल्टो (हे त्या कुत्र्याचे नाव) ओढत नाही असे कोणी म्हणू शकले नसते. पलंगपोस, दोरीवरच्या साड्या, दाराला अडकवलेली दुधाची पिशवी आणि एकदा खुद्द भाचा, फाटकापासून लिफ्टपर्यंत, एवढे त्याने ओढले होते. पण हे सगळे फुटकळ. भाच्याला शास्त्रशुद्ध ओढणे हवे होते. त्यासाठी त्याने भोसरीच्या एका फॅब्रिकेटरकडून तीन चाकांची गाडी बनवून घेतली. थंड देशांत बर्फ नसलेल्या महिन्यांत कुत्र्यांना अशाच चाकांच्या गाडीला जुंपून सराव देतात आणि आता त्याच्याही वेगळ्या स्पर्धा होतात. गाडी होती, कुत्रा होता, पट्टे परदेशातून आले होते. नव्हता फक्त मोकळा रस्ता. महाबळेश्वरला डिसेंबरात माणसालाच रस्ता मिळत नाही, म्हणून जोयडा ठरले. उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा सह्याद्रीच्या माथ्यावरचा तालुका म्हणजे बहुतेक सगळे जंगल. माणसे कमी, वाहने त्याहून कमी आणि डिसेंबरात पहाटे बऱ्यापैकी थंडी. कोणीतरी मोठे माणूस बरोबर असावे म्हणून ताईने मला पाठवले. मोठेपणाचा वाटा म्हणून मला मागची सीट मिळाली, कारण पुढची बाल्टोची होती.

एसी सोळावर होता. मी स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून पुणे ते सातारा प्रवास केला. साताऱ्याच्या पुढे भाच्याने इतिहास सुरू केला.

१९२५ च्या जानेवारीत अलास्काच्या नोम या गावात घटसर्पाची साथ आली. बंदर गोठलेले, विमानाचा भरवसा नाही. औषधाची पेटी रेल्वेने नेनाना या ठिकाणापर्यंत आली आणि तिथून पुढे ६७४ मैल, म्हणजे सुमारे १,०८५ किलोमीटर, कुत्र्यांच्या गाड्यांनी नेली. वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्री. एकाने दुसऱ्याच्या हातात द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. असे करत साडेपाच दिवसांत ती नोमला पोचली. शेवटच्या टप्प्याचा गाडीवान गुन्नार कासेन आणि त्याच्या गाडीचा म्होरक्या कुत्रा बाल्टो. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात बाल्टोचा पुतळा उभा राहिला. आता गंमत अशी, की सगळ्यांत लांबचा आणि जिवावरचा टप्पा लिओनार्ड सेप्पाला या गाडीवानाच्या टोगो नावाच्या कुत्र्याने मारला होता. लग्नात पहाटेपासून राबतो तो धाकटा काका आणि फोटोत मधोमध येतो तो अक्षता पडताना टपकलेला पाहुणा. टोगो म्हणजे त्यातला काका.

"मग याचं नाव टोगो का नाही ठेवलंस?" मी विचारले.

"मामा, बाल्टो मार्केटमध्ये जास्त चालतो," भाचा म्हणाला.

कोल्हापुरात मिसळ खाल्ली, ती पाळीपाळीने. एकाने आत खायची, दुसऱ्याने बाहेर कुत्र्याजवळ थांबायचे. माझी थांबायची पाळी आली तेव्हा गाडीभोवती बघ्यांचे कडे झाले होते. कोणी म्हणे लांडगा आहे, कोणी म्हणे कोल्हा आणि लांडगा मिळून केलाय. एका पैलवान गृहस्थांनी डोळे बारीक करून त्याच्या छातीचा अंदाज घेतला आणि विचारले, "खुराक काय?" मी आकडा सांगितला. "आणि काम काय?" मी गप्प बसलो. पैलवानांनी मान हलवली. ज्याला खुराक आहे पण काम नाही अशा जिवाबद्दल कोल्हापुरात जी करुणा असते, ती त्यांच्या चेहऱ्यावर होती.

निपाणी, संकेश्वर, बेळगाव. बेळगावहून ईशान्येला गेलात की मुधोळ लागते. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी, विशेषतः राजे मालोजीरावांनी, आपल्या दख्खनी शिकारी कुत्र्याची जात जोपासली. तोच मुधोळ हाउंड, आपल्याकडे ज्याला कारवानी म्हणतात. पोट पाठीला लागलेले, पाय लांबसडक आणि नजर अशी की शेताच्या दुसऱ्या टोकाचा ससा दिसावा. २००५ साली टपाल खात्याने त्याचे तिकीट काढले आणि पुढे लष्करानेही त्याला प्रशिक्षणासाठी नेले. मी सुचवले, की कुत्रा पळवायचाच असेल तर हा आपल्या घरचा धावपटू आहे, त्याला एसी लागत नाही. भाचा म्हणाला, "तो ओढत नाही." हे मात्र खरे. मुधोळच्या कुत्र्याला गाडीला जुंपलेत तर तो हलायचा नाही, संस्थानी अपमान समजून तुमच्याकडे पाहत राहील.

खानापूरच्या पुढे, लोंढ्याच्या अलीकडे, चहाला थांबलो. गाडीच्या टपावरची तीनचाकी बघून टपरीवरच्या एका आजोबांनी चौकशी केली. भाच्याने त्यांना इडिटारॉड ही शर्यत समजावून सांगितली. जो रेडिंग्टन नावाच्या माणसाने १९७३ साली ती सुरू केली. अँकरेजपासून नोमपर्यंत, सुमारे हजार मैल. पहिल्या वर्षीच्या विजेत्याला वीस दिवस लागले, आता आठ-दहा दिवसांत पोचतात. डझनभराहून जास्त कुत्री एका गाडीला. एकेक कुत्रा दिवसाला दहा हजार कॅलरी खातो. बर्फाने तळवे चिरू नयेत म्हणून प्रत्येकाला चार पायांत चार मोजे. वाटेत ठिकठिकाणी जनावरांचे डॉक्टर आणि एकदा सलग चोवीस तास थांबायची सक्ती.

आजोबांनी सगळे ऐकून घेतले. "म्हंजे आपला गाडाच की," ते म्हणाले. "पळायचं जनावरानं आणि फेटा मालकाला."

बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या माणसाला ही शर्यत समजावून सांगायची गरजच नव्हती. रिकामी गाडी पळवण्याच्या शर्यती इथे गावोगाव होतात. वर खेड-मंचरकडे बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट आहे. खाली उडुपी-मंगळूरकडे कंबळा आहे, त्यात रेड्यांची जोडी चिखलपाण्यातून धावते. कंबळ्यात तर मागे गाडीही नसते. त्याच्या एका प्रकारात एक आडवी फळी असते, तिला 'अड्ड हलगे' म्हणतात, आणि पळवणारा त्या फळीवर उभा राहून चिखलावरून घसरत जातो. बर्फाच्या जागी चिखल धरा, कुत्र्यांच्या जागी रेडे धरा, म्हणजे अलास्का कर्नाटकच्या किनाऱ्यावर उतरले. दुसऱ्या प्रकारात फळीला भोके असतात आणि त्यांतून उडणारा पाण्याचा फवारा वर टांगलेल्या पट्टीला लागतो की नाही यावर निकाल. वेगापेक्षा शिंतोड्याला बक्षीस देणारा हा जगातला बहुधा सर्वांत दिलदार खेळ.

कोर्टकचेऱ्याही सारख्याच. तिकडे प्राणिप्रेमी इडिटारॉडच्या प्रायोजकांच्या मागे लागतात आणि मोठमोठ्या कंपन्या अंग काढून घेतात. इकडे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, २०१७ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकाने आपापले कायदे बदलले, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ते कायदे वैध ठरवले. इतकी वर्षे बैलांच्या वतीने वकील बोलले, मालकांच्या वतीने वकील बोलले. बैल तारखेला हजर नव्हते.

भाच्याने बाल्टोला शिकवलेले हुकूमही आजोबांना ऐकवले. उजवीकडे वळायला 'गी', डावीकडे 'हॉ'. हे शब्द मुळात इंग्रजी मुलखातल्या नांगऱ्यांचे. बैलांना आणि घोड्यांना दिले जायचे, तिथून ते कुत्र्यांच्या गाडीवर गेले. थोडक्यात, अलास्कातला कुत्राही बैलाचीच भाषा ऐकतो. आजोबांनी बाल्टोकडे पाहून घशातून एक लांबलचक 'भिर्रर्र' काढला. बाल्टो ताडकन उठून उभा राहिला. अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीत वर्षभर 'गी' आणि 'हॉ' ऐकून तो कधी उठला नव्हता.

रामनगर हे जोयड्याचे मोठे गाव. काळी नदीवर गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचे सुपा धरण बांधले, तेव्हा तालुक्याचे जुने ठाणे सुपा पाण्याखाली गेले आणि तिथली कितीतरी माणसे रामनगरला येऊन वसली. इथे मराठी, कोंकणी आणि कन्नड एकाच वाक्यात नांदतात. पुढे जगलबेट, मग गणेशगुडी, मग जोयडा. दोन्ही बाजूंनी जंगल इतके दाट, की बाल्टोनेही खिडकीबाहेर बघणे सोडून सीटखाली बसणे पसंत केले.

आम्ही उतरलो ते एका कुणबी घरात. घरामागे कंदांची बाग होती. जोयड्याचे कुणबी कंदमुळे जपण्यात तरबेज. नुसत्या अळकुडीच्या कुळातले इतके प्रकार, की आपण मंडईत एकच नाव घेतो याची लाज वाटावी. इथे हिवाळ्यात कंदांचा मेळाही भरतो. रात्री भाताबरोबर कंदाची भाजी आली. बाल्टोसाठी भाच्याने पुण्याहून आणलेले साल्मनचे दाणे वाडग्यात ओतले. त्याने ते हुंगले आणि तो मालकिणीच्या पायाशी जाऊन भाजीकडे बघत बसला.

सकाळी शर्यतीचा मुहूर्त. जंगलाच्या हद्दीबाहेरचा, शेतांमधून जाणारा एक कच्चा रस्ता निवडला होता. बाल्टोला पट्टे चढवले, गाडी जोडली. भाचा हेल्मेट, गुडघ्याचे पॅड आणि कपाळावर कॅमेरा लावून मागे उभा राहिला. शेजारच्या वाड्यातल्या एक गवळी मावशी म्हशी सोडत होत्या. गवळी धनगरांच्या वस्त्या या जंगलपट्ट्यात पुष्कळ आहेत. घरात बोलतात ती मराठी, आणि पिढ्यानपिढ्यांचा व्यवसाय म्हशींचा.

"ह्यो काय करतो?" मावशींनी विचारले.

"ओढतो," भाचा अभिमानाने म्हणाला.

"काय ओढतो?"

"गाडी. बर्फावरची."

"मग हितं बर्फ न्हाई, तर गाडीत कोन बसनार?"

"मी."

मावशींनी भाच्याला आपादमस्तक न्याहाळले. "तुमचं पाय बरं हायेत न्हवं?" त्यांनी खऱ्या काळजीने विचारले.

भाचा 'हाइक!' असे ओरडला. हा पळायला सांगण्याचा हुकूम. बाल्टो बसला. 'हाइक!' बाल्टोने कान खाजवला. 'हाइक!' बाल्टो आडवा झाला. रस्त्याकडेला जमलेल्या पोरांनी एका सुरात 'भिर्रर्र' केले तेव्हा तो उठला खरा, पण नेमक्या त्याच वेळी समोरून मावशींच्या म्हशी आल्या. निळे डोळे आणि म्हशीचे डोळे यांची गाठ पडली. बाल्टो शांतपणे वळून भाच्याच्या पायांमागे जाऊन उभा राहिला. आता रचना अशी झाली, की पुढे भाचा आणि मागे कुत्रा. ओढणारा कोण आणि मिरवणारा कोण, हा प्रश्न पहिल्यांदाच न्याय्य रीतीने सुटला होता.

वाचवले ते मावशींच्या कुत्र्याने. काळा, एक कान फाटलेला, शेपटी वळलेली आणि वंशावळ कोणालाच ठाऊक नसलेली. त्याने म्हशी बाजूला काढल्या, बाल्टोला एकदा हुंगले आणि रस्त्याने धावत सुटला. आणि काय आश्चर्य, त्याच्या मागे बाल्टोही सुटला! गाडी धडधडली, भाचा "गी! गी!" ओरडू लागला, पोरे मागे धावली. शंभरेक पावले ते दृश्य खरोखर नोमला शोभेल असे होते. पुढे काळ्याला म्हशी आठवल्या. तो डावीकडे शेतात वळला, बाल्टो वळला, गाडी वळली. भाचा मात्र सरळ गेला. सरळ रस्त्यावर शेणखताचा खड्डा होता.

मावशींनी हात देऊन त्याला बाहेर काढले. "तुमचं कुत्रं चांगलं हाय," त्या म्हणाल्या, "पर त्याला आमच्या कुत्र्यावानी कुनीतरी फुडं पायजे."

मावशी अलास्काला कधी गेल्या नव्हत्या, पण बर्फावरच्या गाड्यांच्या खेळातले सगळ्यांत मोठे गुपित त्यांनी एका वाक्यात सांगितले. म्होरक्या कुत्रा त्याच्या डोळ्यांचा रंग बघून निवडत नाहीत, डोके बघून निवडतात. आणि आज इडिटारॉड जिंकणारी बहुतेक कुत्री शुद्ध सायबेरियन हस्की नसतातच. तिथे जोर असतो तो अलास्कन हस्कीचा, आणि अलास्कन हस्की म्हणजे खेडोपाडीची राबणारी कुत्री, शिकारी कुत्री, मिळेल त्या चांगल्या रक्ताशी जुळवत गेलेली मिश्र जात. प्रमाणपत्र नाही, फ्रेम नाही. जो पळतो, ज्याचे पाय टिकतात, जो थकल्यावरही खातो, त्याची पिल्ले ठेवायची, एवढाच नियम. आपल्याकडे अशा कुत्र्याला एक सरळ नाव आहे: गावठी. एका हौशी माणसाने १९८८ पासून काही वर्षे चक्क पूडल कुत्री जुंपून ही शर्यत धावून दाखवली. त्यांच्या कुरळ्या केसांना बर्फ चिकटायला लागले, तेव्हा आयोजकांनी नियम केला की उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या जातीच फक्त चालतील. म्हणजे कुत्रे त्या हवेचे हवे, एवढा धडा त्यांनाही शिकावा लागला.

हे सगळे भाच्याला मी खड्ड्याजवळच सांगणार होतो, पण वास फार येत होता.

दुपारी वनखात्याच्या एका रक्षकाने रस्त्यात हटकले आणि कुत्रा जंगलाकडे नेऊ नका अशी तंबी दिली. काळी व्याघ्र प्रकल्पाची हद्द जवळच होती. पाळीव कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग वन्यप्राण्यांत जातात. २०१८ साली गीरमधल्या सिंहांच्या मृत्यूंत याच विषाणूचा हात सापडला होता. "आणि आमच्याकडे आमची कुत्री आहेत," तो म्हणाला. ती म्हणजे कोळसुंदे. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, वजनाने पंधरा-वीस किलो, पण टोळीने सांबर पाडतात. शीळ घालून एकमेकांना हाक देतात आणि शिकार झाल्यावर आधी पिल्लांना खाऊ देतात. संघाने पळण्याची परंपरा जोयड्यात शोधायची तर ती इथे आहे. त्यांच्या मागे गाडी नाही, गाडीवर उभा राहून फेटा बांधून घेणारा कोणी नाही, म्हणून पुतळाही नाही.

तरीही अलास्काकडून एक गोष्ट आपण जरूर उचलावी. इडिटारॉडमध्ये सर्वांत शेवटी पोचणाऱ्याला 'लाल कंदील' हे बक्षीस मिळते. पहिल्या वर्षी तो मिळवणाऱ्याला बत्तीस दिवस लागले होते. नोमच्या अंतिम रेषेवर एक दिवा लावून ठेवतात आणि शेवटची गाडी आल्याशिवाय तो विझवत नाहीत. आपल्या शर्यतींत पहिल्याला बुलेट, दुसऱ्याला गदा आणि शेवटच्याला मात्र लाउडस्पीकरवरून टोमणे. एखाद्या घाटात शेवटच्या जोडीसाठी एक कंदील लावला, तर जत्रा कमिटीचा खर्च फार वाढणार नाही.

बाकी हस्की घ्यायचा विचार असेल, तर आधी आपल्या गल्लीत उणे वीस अंश कोणत्या महिन्यात पडतात ते बघा. पडत नसतील, तर गल्लीतलाच एखादा फाटक्या कानाचा कुत्रा घरी आणा. तो एसी मागणार नाही, गाडी मागणार नाही. अलास्कातले विजेते कुत्रेही कागदाच्या बाबतीत त्याच्याइतकेच कोरे आहेत. आणि जोयड्याला जायचे असेल तर कुत्रा घरी ठेवून जा. तिथल्या कुत्र्यांना आपली कामे आहेत.